तपासणीच्या आधी बंद केलेली वाट

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी तुम्ही सहा-सात आफ्रिकन कथा वाचल्या, वहीत दोन रकाने आखले, डावीकडं ‘परंपरा’, उजवीकडं ‘आधुनिकता’, आणि एकेक पात्र उचलून त्या रकान्यांत बसवलं. शेवटी ‘लेखकाचा कौल परंपरेला’ असा निष्कर्ष काढला. मार्गदर्शकांनी शेरा मारला, “हे कुठल्याही देशाबद्दल लिहिता येईल. यात वसाहत कुठं आहे?” आता तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: वसाहतोत्तर अस्मिता कथेत नेमकी कुठं शोधायची, त्याआधी वसाहतवादावर लिहिणारा विचारवंत फ्रांझ फॅनन वाचावाच लागेल का, आणि ‘बनगरवाडी’शी तुलना केली तर चालेल का.

मी पंचवीसेक वर्षं या कथा वर्गात शिकवल्या. सुरुवातीलाच सांगतो, तुमचा तक्ता टाकाऊ नाही. पंधरा मार्कांच्या प्रश्नाला तो पुरतो. पेपर तपासणाऱ्यालाही तोच बघायची सवय असते. साठ-सत्तर पानं लिहायची असली की मात्र तो दमतो, कारण सगळ्या कथा त्यात सारख्याच दिसायला लागतात. पहिली सात वर्षं मीही फळ्यावर मधोमध रेघ मारूनच शिकवत होतो, तेव्हा हे तुम्हाला नाही, स्वतःलाच बोलतोय असं समजा.

तुमच्या यादीतली पहिलीच कथा घेऊ. नायजेरियन लेखक चिनुआ अचेबेची ‘डेड मेन्स पाथ’. मृतांची वाट. मायकल ओबी नावाचा सव्वीस वर्षांचा तरुण जानेवारी 1949 मध्ये एका मिशन शाळेचा मुख्याध्यापक होतो. शाळा मागासलेली म्हणून मिशननं मुद्दाम तरुण, उत्साही माणूस धाडलेला. सरकारी दप्तरात त्याचं वर्गीकरण ‘कळीचा शिक्षक’ असं. बायको नॅन्सी शाळेच्या आवारात बाग फुलवते. एका संध्याकाळी गावातली एक म्हातारी झेंडूच्या वाफ्यातून लंगडत आवार ओलांडताना ओबीला दिसते. चौकशी केल्यावर कळतं, की गावच्या देवस्थानापासून मसणवटीपर्यंतची जुनी पायवाट शाळेतून जाते. ओबी ती काटेरी तारा आणि जाड लाकडं लावून बंद करतो. गावचा पुजारी समजवायला येतो. ओबी हसतो, मेलेल्या माणसांना पायवाटा लागत नाहीत म्हणतो. दोन दिवसांनी गावातली एक तरुण बाई बाळंतपणात मरते. देवऋषी कौल देतो की कुंपणामुळं पूर्वजांचा अपमान झालाय. दुसऱ्या दिवशी सकाळी ओबी उठतो तो कुंपणं उपटलेली, फुलं तुडवलेली, शाळेची एक इमारत पाडलेली. नेमका त्याच दिवशी गोरा सुपरवायझर तपासणीला येतो आणि वाईट अहवाल लिहितो.

ही झाली गोष्ट. फळ्यावर मी लिहायचो: ओबी म्हणजे आधुनिकता, पुजारी म्हणजे परंपरा, परंपरेचा विजय. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “सर, बाळंतपणात मेली ती कोण? तिचं नाव काय?” मी पुस्तक चाळलं. नाव नाही. गावातली एक तरुण बाई, बस. तिच्यासाठी माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता.

त्याच तासाला दुसरा एक मुलगा बोलला. त्याचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. तो म्हणाला, “वाट साहेबाच्या भीतीनं बंद केलीय, सर. आमच्या शाळेच्या पटांगणात गावातल्या बाया मिरच्या वाळत घालतात. एरवी वडील काही बोलत नाहीत. तपासणीचं पत्र आलं की दारोदार फिरून मिरच्या काढायला लावतात.” मी घरी जाऊन कथा परत वाचली, आणि खरंच, ते वाक्य तिथं होतं. ओबी सहकारी शिक्षकाला सांगतो, की पुढच्या आठवड्यात सरकारी शिक्षणाधिकारी येणार आहे, त्याला काय वाटेल? गावकरी उद्या तपासणीच्या वेळी वर्गातच काही धार्मिक विधी करायला बसले तर? इतकी वर्षं मी हे वाक्य शिकवताना वगळून पुढं जात होतो.

तुमच्या मार्गदर्शकांची वसाहत इथं आहे. वाट बंद होते ती ओबी आणि पुजारी यांच्या भांडणामुळं नाही. पुजारी तर वाट बंद झाल्यानंतर तीन दिवसांनी येतो. वाट बंद होते ती तिसऱ्याच माणसासाठी, जो अजून गावात आलेलाही नाही. आणि कथेचं शेवटचं वाक्य बघा कुणाच्या तोंडी आहे. ओबीच्या नाही, पुजाऱ्याच्या नाही. ते त्या सुपरवायझरच्या अहवालातलं आहे. शाळा आणि गाव यांच्यात ‘टोळीयुद्धासारखी परिस्थिती’ उद्भवत असून तिला काही अंशी नव्या मुख्याध्यापकाचा ‘भरकटलेला उत्साह’ कारणीभूत आहे, असं तो लिहितो. ज्या उत्साहासाठी मिशननं ओबीला निवडलं, तोच उत्साह आता त्याच्या नावावर गुन्हा म्हणून चढला. आणि एका बाळंतिणीच्या मृत्यूनं हादरलेलं गाव कागदावर ‘टोळी’ झालं. वाट पुन्हा उघडली का, हे अचेबे सांगतच नाही. मग परंपरा जिंकली असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो?

या कथेत आणखी एक बारीक कारागिरी आहे. पुजारी ओबीला एक म्हण ऐकवतो: ससाण्यालाही बसू दे, गरुडालाही बसू दे. ऐकायला समजूतदारपणाचं वाक्य. वर्गात आपण त्याला सहिष्णुता म्हणून मोकळे होतो. पण इग्बो या अचेबेच्या मातृभाषेत ही म्हण इथं संपत नाही. पुढचा अर्धा भाग असा, की जो दुसऱ्याला बसू देणार नाही त्याचा पंख मोडो. अचेबेनं 1958 च्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीत ती पूर्ण दिलीय, फक्त तिथं ससाण्याच्या जागी घार आहे. या कथेतला पुजारी पहिलाच भाग बोलतो आणि थांबतो. ओबी शिकलासवरलेला, पण त्याच मातीतला. उरलेली म्हण त्याला ठाऊक असायला हवी. त्याला ती आठवत नाही, किंवा आठवून तो दुर्लक्ष करतो. शेवटी पाडलेली इमारत म्हणजे तो न बोललेला अर्धा भाग. इंग्रजीत लिहिलेल्या कथेत इग्बो भाषा अशी दबा धरून बसलेली असते. अस्मिता शोधायची तर अशा जागी शोधा. पात्रांच्या भाषणांत ती फारशी सापडत नाही.

आणि पुजाऱ्यानं वाटेबद्दल सांगितलेलं परत वाचा. मेलेले नातलग या वाटेनं जातात, पूर्वज या वाटेनं भेटीला येतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जन्माला येणारी मुलं या वाटेनं येतात. म्हणजे गावाच्या लेखी ती नुसती मसणवाट नाही, ती प्रसूतीचीही वाट आहे. ओबीला फक्त मेलेली माणसं ऐकू आली. त्याचं गाजलेलं वाक्य मृतांबद्दलच आहे. दोन दिवसांनी बाळंतपणात बाई मरते तेव्हा गावाला कारण शोधावं लागत नाही. तुम्ही-मी ते कारण मानू किंवा न मानू, अचेबे त्यावर काहीच बोलत नाही. पण कथेची मांडणी गावाच्या तर्कावर उभी आहे, हे लक्षात आल्यावर ‘अंधश्रद्धा’ हा शब्द लिहिताना हात जरा अडखळतो.

वसाहतोत्तर या शब्दाचं एक सांगून टाकतो. ही कथा 1953 ची. नायजेरिया स्वतंत्र झाला 1 ऑक्टोबर 1960 ला. तेव्हा ‘उत्तर’ म्हणजे ‘नंतर’ असा कॅलेंडरचा अर्थ धरून चालू नका. राज्य चालू असतानाच ते राज्य माणसाच्या डोक्यात कसं बसलंय हे पाहणारी ही कथा आहे.

आता दुसरा मुद्दा, तुमच्या डाव्या रकान्याचा. परंपरा म्हणून जे आपण लिहितो ते किती जुनं असतं? अचेबेचीच ‘मॅरेज इज अ प्रायव्हेट अफेअर’ ही कथा तुमच्या यादीत आहे. लागोसमध्ये नोकरी करणारा न्नाएमेका, त्याची कलाबारकडची, दुसऱ्या भाषेची प्रेयसी नेने, आणि गावाकडं चिडलेला बाप ओकेके. तुम्ही बापाला डावीकडं टाकलंय. पण तो ख्रिस्ती आहे. स्त्रियांनी गप्प राहावं यासाठी तो बायबलमधल्या सेंट पॉलचा दाखला देतो. मुलाचं डोकं ठिकाणावर यावं म्हणून जडीबुटीवाल्याकडं जा असं शेजारी सुचवतात तेव्हा तो साफ नाही म्हणतो. असल्या बाबतींत तो गावाच्या पुढं आहे असं कथेतच म्हटलंय. म्हणजे ज्याला आपण परंपरेचा खांब समजतो त्याच्या हातात मिशनऱ्यांनी दिलेलं पुस्तक आहे. आणि त्याचा सूड कसा? मुलानं लग्नाचा फोटो पाठवलेला असतो. बाप कात्रीनं त्यातली सून कापून काढतो आणि तेवढा तुकडा पोस्टानं परत पाठवतो. फोटो, कात्री, पोस्ट. या क्रूरपणात पूर्वजांकडून आलेली एक तरी वस्तू दाखवा.

गंमत म्हणजे ही कथा अचेबेनं इबादानला विद्यार्थी असताना 1952 मध्ये पहिल्यांदा छापली तेव्हा तिचं शीर्षक जवळपास तुमच्या प्रबंधाचंच होतं: जुन्या व्यवस्थेचा नव्याशी झगडा. पुढं त्यानं ते बदललं. शीर्षक का बदललं असावं यावर तुम्ही दोन पानं सहज लिहाल.

परंपरा वसाहतीच्या काळात बनवली जाते याला इतिहासाचाही आधार आहे. इग्बो मुलखात बऱ्याच ठिकाणी राजा किंवा एकमेव प्रमुख नव्हताच. गावसभा, वयोगट, बायकांची मंडळं असा कारभार. ब्रिटिशांना मात्र राज्य चालवायला प्रत्येक ठिकाणी एक पाटील हवा होता. त्यांनी सनद देऊन प्रमुख नेमले, त्यांना ‘वॉरंट चीफ’ म्हणत, आणि हीच इथली रूढी असं दप्तरी लिहून टाकलं. 1929 साली इग्बो आणि आसपासच्या मुलखातल्या हजारो बायका कराच्या धास्तीनं या प्रमुखांविरुद्ध उठल्या. इतिहासकार टेरेन्स रेंजरचा 1983 मधला निबंध आफ्रिकेत वसाहतींनी परंपरा कशा घडवल्या यावरच आहे. तो एक जरी वाचलात तरी डाव्या रकान्यात काही लिहिण्याआधी ‘हे कुणी, कधी ठरवलं?’ असं विचाराल.

तयिब सालेह या सुदानी लेखकाची ‘वद हामिदचा दूम’ ही कथा तुमच्या यादीत नाही. ती घ्याच. मूळ अरबी, 1960 ची. आपल्याकडचे अभ्यासक्रम ‘आफ्रिकन’ म्हणून बहुतेक वेळा फक्त इंग्रजीत लिहिलेलं वाचायला लावतात, हा आपल्याला वारशात मिळालेला चष्मा आहे, पण ते असो. गावातला एक म्हातारा पाहुण्या तरुणाला दूमच्या झाडाबद्दल सांगतोय. दूम म्हणजे ताडाच्या जातीचं झाड, खाली वलीची, म्हणजे संताची, कबर. सरकारला कधी पाण्याच्या पंपासाठी, कधी बोटीच्या थांब्यासाठी नेमकी तीच जागा हवी असते. गावकरी साहेबांना पिटाळून लावतात. मध्येच एक धर्मोपदेशक येऊन जातो. माशा, मलेरिया आणि जुलाबानं हैराण होऊन ‘मला वाचवा, या लोकांना कुठल्याच उपदेशकाची गरज नाही’ अशी तार करतो. (हा भाग वर्गात मोठ्यानं वाचा. पोरं जागी होतात.) पुढं प्रकरण वाढतं, माणसं तुरुंगात जातात, विरोधी पक्ष ते प्रकरण उचलतो, सरकार पडतं. मग नवं सरकार काय करतं? झाडापाशी संगमरवरी शिळा बसवतं आणि भोवती लोखंडी कठडा घालतं. ज्या झाडाखाली बाया नवस बोलत होत्या ते राष्ट्राचं प्रतीक झालं. स्वातंत्र्यानंतरच्या सरकारांनी परंपरेचं काय केलं, याबद्दल त्या कठड्याइतकं नेमकं मी दुसरीकडं वाचलेलं नाही.

शेवटी म्हातारा म्हणतो, या सगळ्यांच्या एक गोष्ट लक्षातच आली नाही: इथं जागा भरपूर आहे. झाड, कबर, पंप, बोटीचा थांबा, सगळं मावेल एवढी. म्हणजे ‘विरुद्ध’ हा शब्द गावाचा नव्हताच. तो आराखड्याबरोबर बाहेरून आला होता.

नावांकडंही लक्ष ठेवा. बिरागो दियोप या सेनेगाली लेखकाच्या 1947 च्या संग्रहात ‘सारझां’ नावाची कथा आहे. फ्रेंच सैन्यातला सार्जंट गावी परततो, लोकांना सुधारायला निघतो, विधी उधळतो आणि वेडा होतो. त्याचं खरं नाव मागं पडतं. लोक त्याला सारझां म्हणतात, म्हणजे सार्जंटचाच घासून उरलेला उच्चार. माणूस गेला, हुद्दा राहिला. केनियाच्या न्गुगी वा थ्योंगोच्या ‘अ वेडिंग अ‍ॅट द क्रॉस’ मधला वारिउकी पैसा मिळवतो आणि ‘डॉज डब्ल्यू. लिव्हिंगस्टन ज्युनियर’ होतो. सासऱ्याच्या डोळ्यांत भरावं म्हणून तो आपल्याच बायकोशी चर्चमध्ये पुन्हा थाटात लग्न लावायला निघतो. ऐन वेळी मिरियामू नकार देते: माझं लग्न वारिउकीशी झालंय, आणि तो मेलाय. न्गुगीनं स्वतःचं ‘जेम्स’ हे नाव टाकलं आणि पुढं इंग्रजी सोडून आपल्या गिकुयू भाषेत कथा-कादंबरी लिहायला लागला, हे माहीत असलं की या वाक्याचं वजन वाढतं. पण चरित्र तळटीपेतच ठेवा. मिरियामूचं वाक्य लेखकाच्या आधाराशिवायही उभं राहतं.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की मी परंपरेचीच बाजू घेतोय. म्हणून बेसी हेड. जन्म 1937, दक्षिण आफ्रिका. आयुष्य बोट्स्वानात, सेरोवे गावी. तिच्या ‘लुकिंग फॉर अ रेन गॉड’ कथेत सलग दुष्काळानं पिचलेलं एक कुटुंब पावसासाठी आपल्याच दोन लहान मुलींचा बळी देतं. कथा एवढ्याशा पानांची, आणि त्यातली सगळ्यात भयंकर जागा बळीची नाहीच. मुली शेतावर भातुकली खेळतात आणि आपल्या चिंध्यांच्या बाहुलीला घरातल्या बाया जशा त्यांना रागावतात तशाच रागावतात, ती आहे. पाऊस येत नाही. माणसं फासावर जातात. मग हेड एक वाक्य लिहिते त्याचा आशय असा: उपासमार, ताण, माणसं आतून मोडत जाणं, यातलं काहीच न्यायालयात पुरावा म्हणून चालत नव्हतं, पण पिकावर जगणाऱ्या प्रत्येकाला मनातून ठाऊक होतं की आपण यातून केसाएवढ्या अंतरानं वाचलो. विधीचं समर्थन ती तीळभरही करत नाही, आणि न्यायालयाच्या शहाणपणावर विसंबूनही राहत नाही. तुमच्या तक्त्यात हे वाक्य कुठं घालाल? मला जागा सापडली नव्हती.

तिचीच ‘स्नॅपशॉट्स ऑफ अ वेडिंग’ ही पावसाच्या कथेच्याच, 1977 च्या संग्रहात आहे. शिकलेली निओ आणि न शिकलेली मथाता, दोघींना एकाच पुरुषापासून दिवस गेलेले. तो लग्न निओशी करतो, कारण शिकलेली बायको पगार आणेल. निओ नातलगांशी उद्धट वागते. लग्नात तिच्या नात्यातली एक बाई खाली बसून दोन्ही मुठींनी जमीन ठोकत बजावते, “चांगली बायको हो!” एवढ्या छोट्या कृतीत धाक, माया, आणि थोडी हारही आहे. हुंड्याचा हिशेब करताना पदवीची किंमत धरणारी घरं आपण पाहिलीत, म्हणून हे समजायला आपल्याला वेळ लागत नाही.

घानाची अमा आता आइडू मी नेहमी शेवटी शिकवतो, कारण ती कथेचा आकारच बदलते. ‘इन द कटिंग ऑफ अ ड्रिंक’ या कथेत एक तरुण बहिणीला शोधायला अक्रा शहरात जाऊन आलाय आणि गावात काका-मामांसमोर बसून हकीकत सांगतोय. मध्येच थांबतो, “जरा प्यायला द्या” म्हणतो, घसा ओला करतो, पुन्हा सुरू. बहीण सापडते ती नाचघरात, तिचा धंदा काय ते ऐकणाऱ्यांना कळतं, आणि ती त्याला सांगते: कुठलंही काम हे कामच असतं. गोष्ट शहराची, सांगण्याची पद्धत गावच्या ओट्यावरची. छापील इंग्रजी कथेत एक अख्खं श्रोतृमंडळ बसलेलं आहे. परंपरा इथं विषय म्हणून येत नाही, ती निवेदनाची बैठक आहे. ‘नो स्वीटनेस हिअर’ हा तिचा संग्रह 1970 चा. त्यातल्या ‘एव्हरीथिंग काउंट्स’ मध्ये परदेशातून परतलेल्या शिक्षिकेला वर्गातल्या सगळ्या मुलींच्या डोक्यावर विग दिसतात, ती कथाही जोडीला वाचा.

आता कामाचं. तुमच्या सगळ्या कथा पुन्हा वाचा आणि या वेळी फक्त कागद शोधा. अहवाल, पत्र, फोटो, तार, प्रमाणपत्र, शिळेवरचा मजकूर. तो कागद कोण लिहितं, कोणासाठी, आणि तो वाचू न शकणाऱ्या माणसाचं त्यानं काय होतं, एवढंच टिपा. मग नावं: कुणाला नाव आहे, कुणाचं बदललं, कुणाला दिलेलंच नाही. ही पद्धत सगळीकडं चालत नाही. मौखिक बाजाच्या कथांत कागद कमी सापडतील. तिथं कोण बोलतंय आणि कोण ऐकतंय हे पाहावं लागतं. आणि तुम्ही इंग्रजी अनुवादातून सालेह किंवा दियोप वाचत असाल तर शब्दांच्या छटांवर फार मोठे इमले बांधू नका.

फॅनन वाचा, पण कथांच्या नंतर. ‘द रेचेड ऑफ द अर्थ’ (1961) मधला राष्ट्रीय संस्कृतीवरचा भाग तुम्हाला लागेल. वसाहतीतला शिकलेला माणूस आधी राज्यकर्त्यांची नक्कल करतो, मग भूतकाळाकडं धावतो, आणि नंतर लोकांबरोबर लढ्यात उतरतो, असे टप्पे तो दाखवतो. आधी फॅनन वाचलात तर ओबी तुम्हाला ‘पहिला टप्पा’ एवढाच दिसेल आणि झेंडूचा वाफा दिसणार नाही. मी अशी बरीच चोपडी तपासली आहेत.

राहिली ‘बनगरवाडी’. मोह मला कळतो: तरुण मास्तर, आडगाव, शाळा. माडगूळकरांचं पुस्तक 1955 चं, म्हणजे काळही जवळचा. एक तर ती कादंबरिका आहे, कथा नाही, ही सवलत घेतल्याचं प्रस्तावनेत सांगून टाका. दुसरं, ते गाव औंध संस्थानातलं. तिथला मास्तर वाट अडवत नाही, तो धनगरांच्या भानगडींत ओढला जातो, आणि वरून येणारा साहेब म्हणजे तालमीच्या उद्घाटनाला येणारा आपलाच राजा. त्यामुळं ‘दोन्हीकडं परंपरा आणि आधुनिकतेचा संघर्ष आहे’ असं लिहिलंत तर तुमचे मार्गदर्शक पुन्हा तोच शेरा मारतील, आणि बरोबर मारतील. तुलना करायचीच तर वरून माणूस येतो त्या दोन दिवसांची करा: गाव त्या दिवसासाठी काय करतं, मास्तर काय करतो, आणि तो माणूस निघून गेल्यावर मागं काय उरतं. एक प्रकरण होईल तेवढं.

आणि त्या बाळंतिणीला एक परिच्छेद द्या. मी सात वर्षं दिला नव्हता.